साहेब आल्याशिवाय अक्षता नाहीत

लातूरहून संपादकांचा फोन आला, दिवाळी अंकासाठी तुमची राजकीय वाटचाल लिहून द्या म्हणून. मी विचारलं, पानं किती देता? ते म्हणाले, दोन. मी म्हणालो, दोन पानांत माझे सत्काराचे हारसुद्धा मावणार नाहीत, आठ द्या. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. बरीच घासाघीस होऊन चार पानं आणि फेट्यातला एक फोटो यावर सौदा ठरला. फोटोखाली ‘माजी आमदार’ छापताना ‘माजी’ बारीक टाइपात घ्यायचं, हे मी वरून मागून घेतलं. बैल ठरल्यावर त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ मागून घेतात तसं.

वाटचाल मात्र मी लिहिणार नाही. बाजार समितीवर कधी गेलो, जिल्हा परिषदेवर कधी आलो, हे माझ्या वाढदिवसाच्या पुरवण्यांत वेळोवेळी छापून आलेलं आहे आणि त्यातलं निम्मं मीच सांगितलेलं आहे. इथं मी आमदारकी हा धंदा आतून कसा असतो ते सांगतो आणि माझं तिसऱ्या खेपेचं तिकीट कसं गेलं ते सांगतो. कुणी म्हणतं सर्व्हे विरोधात गेला, कुणी म्हणतं जातीचं गणित बसलं नाही. सगळं खोटं. माझं तिकीट एका लग्नाच्या मांडवात गेलं, भर दुपारी, आणि ते मी माझ्याच तोंडानं माइकवरून घालवलं. त्याची थोडी खंत आहे. राग त्याहून जास्त आहे.

मी मूळचा बैलांचा दलाल. घरी बैल बांधावा इतकी जमीन नव्हती, म्हणून लोह्याच्या बाजारात दुसऱ्यांचे बैल विकायला उभा राहिलो. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून दस्ती टाकतात, म्हणजे आमच्याकडचा मोठा रुमाल, आणि तिच्याखाली बोटं दाबून भाव सांगतात. बोट हजाराचं की शेकड्याचं एवढंच आधी पुटपुटायचं. एक बोट, दोन बोटं, अख्खी मूठ. बाजूला उभ्या माणसाला फक्त दोघांच्या भुवया हलताना दिसतात.

हे सगळ्यांनाच येतं. पण मला शिकवणारा निवृत्ती निराळं सांगायचा. निवृत्ती माझा बाजारातला भागीदार, वयानं थोडा मोठा, माणूस सरळ आणि तोंडानं वाकडा. तो म्हणायचा, “नारबा, बोटं भाव सांगतेत, त्याच्याकडं ध्यान देऊ नको. तळहात बघ. गरज तळहातात असती.” ज्याला बैल विकल्याशिवाय घरी जाताच येणार नाही त्याचा तळहात ओला असतो. जो नुसता बाजार बघायला आला त्याचा कोरडा. पुढं मी आमदार झालो तेव्हा निवृत्ती चारचौघांत मला साहेब म्हणायला लागला आणि एकटा सापडलो की नारबा. ‘साहेब’ म्हणताना तो जरा हसायचा. मला ते दिसायचं.

आता आमदाराचं काम काय? पुस्तकात लिहिलंय, कायदे करणं. दोन टर्ममध्ये मी पुष्कळ कायद्यांना हात वर केला, ते नाकारत नाही. पण कायद्याबद्दल विचारायला माझ्या दारात एकही माणूस आला नाही. लोक यायचे डीपीसाठी. डीपी म्हणजे शेतातल्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, आणि तो नेमका हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी जळतो. एकदा विधानसभेत मी यावर बोलायला उभा राहिलो. माझा आवाज बाजारातला, वेळ संपली तरी थांबेना. अध्यक्षांनी मला खाली बसायला सांगितलं. मी म्हणालो, मी बसतो महाराज, पण आमचा डीपी तेवढा उभा करा. सभागृह हसलं. डीपी उभा राहिला नाही, पण माझं नाव पेपरात आलं. मतदारसंघात याला काम करणारा आमदार म्हणतात.

एका वर्षी डीपी एकच मिळाला आणि गावं दोन होती. दोन्ही सरपंच माणसं घेऊन माझ्या अंगणात. एक गाव मोठं, त्यांचा आरडाओरडा मोठा, मागच्या वेळी मतंही मोठी. दुसरं गाव गप्प. मी दोघांनाही म्हणालो, बोलू नका, हात द्या, पाण्याशिवाय पीक किती दिवस तग धरेल ते दस्तीखाली सांगा. दोघांनीही सारखीच बोटं दाबली. पण मोठ्या गावाच्या सरपंचाचा हात खडखडीत कोरडा होता आणि गप्प सरपंचाचा पाण्यातून काढल्यासारखा. डीपी गप्प गावाला गेला. मोठ्या गावानं पुढच्या निवडणुकीत मला हिसका दाखवला, तरी मी निवडून आलो. इंजिनिअर साहेबांनी विचारलं होतं, कोणत्या निकषावर दिला? मी सांगितलं, घामाच्या.

एक म्हातारा दर सोमवारी यायचा, कोपऱ्यात बसायचा, चहा प्यायचा आणि जायचा. काही मागायचाच नाही. न मागणाऱ्या माणसाची आमदाराला फार भीती वाटते, कारण त्याला भाव सांगता येत नाही. शेवटी मीच चिडून विचारलं, बाबा, तुम्हाला पाहिजे तरी काय? तो लाजला. म्हणाला, “बाजारात गाठ पडली तर मला नावानं हाक मारा. माझा व्याही लई टेंभा मिरवून राहिलाय.” मी त्याचं नाव विचारून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात बाजारात व्याह्यादेखत शंभर पावलांवरून हाक मारली. माझ्या कारकिर्दीतलं हे एकच काम, ज्याला निधी लागला नाही आणि ज्यात कुणी खोडा घातला नाही.

आमदारकीनं मला दोन गोष्टी दिल्या, ‘साहेब’ आणि शुगर. पहिली गेली, दुसरी राहिली. गावात गेलं की घरोघर चहा. बिनसाखरेचा मागितला तर माणूस दुखावतो, गरिबाची साखर चालत न्हाई का म्हणतो. म्हणून पीत गेलो. मग गोळ्या सुरू झाल्या. एकदा गोळी घेऊन उपाशीपोटी एका सत्काराला बसलो आणि भाषणं लांबली. अंगाला गार घाम फुटला, हात कापायला लागले, समोरचे लोक पाण्यातून बघितल्यासारखे दिसायला लागले. माझे ड्रायव्हर रज्जाकभाई, औशाचे, त्यांच्या घरात आधीच सगळ्यांना शुगर. त्यांनी स्टेजवर चढून सत्काराचा पेढा माझ्या तोंडात कोंबला. लोकांना वाटलं प्रेमानं भरवला. टाळ्या पडल्या.

पण आमदाराचं खरं काम लग्नं. उन्हाळ्यात एकेका दिवशी इतकी लग्नं असतात की माणूस नवरा कोणता आणि करवला कोणता हे विसरतो. आमच्या भागात लग्नाला पुढारी लागतोच. तो आला की बँड वाजतो, मांडव उभा राहतो, फेटा बांधतात, माइकवर नाव घेतात, तो वधूवरांना चार शब्दांत आशीर्वाद देतो, म्हणजे स्वतःच्या कामांची यादी वाचतो, आणि मगच अक्षता पडतात. साहेब आल्याशिवाय अक्षता नाहीत, हा नियम. मुहूर्त पत्रिकेत छापलेला असतो, पण लग्न साहेबांच्या गाडीवर लागतं. मग माणसं उन्हात बसून राहतात आणि साहेबांच्या पीएला फोन करतात. पीए काय सांगतो त्याचा अर्थ रज्जाकभाईंनी मला पहिल्याच उन्हाळ्यात समजावला होता. “साब, ‘निघाले’ बोले तो नहाने को गए. ‘रस्त्यात आहेत’ बोले तो अब घर से निकल रहे. ‘पोचलेच’ बोले तो होटल पे चाय पी रहे.” माझ्या गाडीतून असे निरोप कितीदा गेले असतील ते मी मोजलेलं नाही. सगळ्यांचेच जातात.

आता ती दुपार.

निवृत्तीच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं, लोह्याजवळच्या त्यांच्या गावी, पडीक रानात मांडव घालून. पाव्हणे रेणापूरकडचे. निवडणूक दिवाळीच्या पुढंमागं होणार होती आणि माझं तिसरं तिकीट लटकलेलं होतं. तिकीट ज्यांच्या हातात होतं त्या आमच्या नेत्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण माझी आशा अजून सुटलेली नाही. ते मला विश्रामगृहावर म्हणाले होते, “तुमच्या त्या मित्राकडच्या लग्नाला येतो. तिथंच बसून तुमच्या तिकिटाचं मिटवू.” बाहेरच्या माणसाला वाटेल, तिकिटाचं लग्नात कशाला? तर नेत्यांना गर्दी बघायची असते. त्यांच्या गाडीचं दार उघडल्यावर किती माणसं उठून उभी राहतात, यावर उमेदवार ठरतो. सर्व्हे नंतर करतात, ठरलेलं सिद्ध करायला.

निवृत्तीला हे कळल्यावर त्यानं शेजारच्या सगळ्या गावांना आवतण दिलं. मांडव वाढवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हार आणून ठेवला, चार माणसांनी उचलावा एवढा. मी म्हणालो, एवढा खर्च कशाला? तो म्हणाला, पोरीच्या लग्नाचा खर्च हाय, तुझा न्हवं, तू कशाला मधी.

मुहूर्त गेला. पीए म्हणाला, निघाले. रज्जाकभाईंनी माझ्याकडं बघितलं. पुष्कळ वेळानं पीए म्हणाला, रस्त्यात आहेत. वर ताडपत्री तापून तिचा वास यायला लागला होता. बायका पदरानं वारा घेत होत्या. माइकवाला माझ्या कामांचं कौतुक करकरून दमला आणि मग त्यानं तेच कौतुक पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नवऱ्या मुलाचा बाप माझ्याजवळ आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “साहेब, आमच्याकडं लग्नाला नवरदेव लागतो. नेता नसला तरी भागतं.” मी त्याला हात जोडले. माझा राग सगळ्या तालुक्याला माहीत आहे, पण तिकीट अडकलं की माणूस गरीब होतो.

मी निवृत्तीला बाजूला घेतलं. म्हणालो, लावून टाकू.

“न्हाई.”

“अरे, पोरगी कधीची बसलीय पाटावर.”

“पोरगी माझी हाय, तिकीट तुझं हाय,” तो म्हणाला. “साहेब आल्याबिगर अक्षता न्हाईत. जा, तुझ्या खुर्चीवर बस जा.”

आणखी वेळ गेला. मी स्टेजवरून बघत होतो. निवृत्ती मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. आधी हात नुसता टेकवलेला होता, मग खांदा, मग सगळा भार. कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यानं हातानं लोटला. माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. मी खाली उतरलो. सगळा मांडव बघत होता, माइक चालू होता, तिथं बोलायची सोय नव्हती. मी गळ्यातली दस्ती काढली आणि हात पुढं केला.

त्याला लगेच कळलं. त्यानं हात दिला. मी वरून दस्ती टाकली आणि पुटपुटलो, तासांत. मग अर्धं बोट दाबलं. म्हणजे अर्धा तास थांबू, जास्त नाही. त्यानं मान हलवली आणि माझी दोन बोटं धरली. धरली, पण त्याला ती दाबता येईनात.

आणि तळहात. वैशाखाच्या उन्हात, जिथं माणसाच्या अंगाला हात लावला तर चटका बसावा, तिथं त्याचा तळहात गार आणि ओला होता, माठाच्या बुडासारखा. दस्तीखाली हात थरथरत होता. हा घाम मला माझ्या स्वतःच्या अंगावरून ठाऊक होता, आणि शुगर निवृत्तीलाही होती.

“गोळी घेतलीस सकाळी?”

“घेतली की.”

“मग खाल्लंस काय?”

“पोरीचा बाप अक्षता पडायच्या आधी खातो का?” तो म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. “आपलं ठरलंय. दोन तास. हात सोडू नको.”

मी हात सोडला. दलालीत सौदा चालू असताना हात सोडणं म्हणजे समोरच्याचा अपमान. त्याला खुर्चीत बसवून गुळाचा खडा तोंडाशी नेला, तर त्यानं दात आवळले. उपास मोडणार नव्हता, नेता आल्याशिवाय लग्न लावू देणार नव्हता. सगळा हट्ट माझ्या तिकिटासाठी. मला त्याचा भयंकर राग आला. आणि जो राग निवृत्तीवर काढता येत नव्हता तो घेऊन मी स्टेजवर चढलो.

गुरुजींना म्हणालो, अंतरपाट धरा.

गुरुजी घाबरून म्हणाले, “पण साहेब यायचेत ना?”

“मी कोण आहे?”

“तुम्ही साहेबच. पण मोठे साहेब...”

तेव्हा मी माइकवाल्याच्या हातातून माइक ओढला. पुढचं जे बोललो ते त्या रानात, चारी दिशांना लावलेल्या भोंग्यांतून, वरच्या पाझर तलावापर्यंत ऐकू गेलं. मी म्हणालो, “ज्याला यायचं त्यानं वेळेवर यावं. नवरी काय कुणाच्या बापाची वाट बघत बसणार न्हाई. गुरुजी, म्हणा.”

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. गुरुजींनी मंगलाष्टकं अशी म्हटली की जणू मागून पोलीस येत होते. अक्षता पडल्या. मी स्टेजवरून उडी मारून खाली आलो, आचाऱ्याच्या पातेल्यातून मूठभर बुंदी घेतली आणि निवृत्तीच्या तोंडात घातली. या वेळी त्यानं दात आवळले नाहीत. थोड्या वेळानं डोळ्यांत माणूस परत आला. पहिलं वाक्य तो बोलला ते असं, “लावलीस न्हवं तुझ्या तिकिटाला आग?”

आजकाल प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. माझं भाषण कुणीतरी लगेच पाठवलं आणि नेते मांडवात पोचायच्या आधी ते त्यांच्या गाडीत पोचलं. नेते आले तेव्हा सगळी पंगत बसलेली होती. ताटात बुंदी आणि वांग्याची भाजी, हात भाजीत. अशा वेळी देव आला तरी आमचा माणूस उठत नाही. बँडवालेही जेवायला बसले होते. हार घालावा म्हणून मी ट्रॉलीकडं बघितलं, तर गावातल्या एका शेळीनं मागचे पाय चाकावर देऊन त्याचा झेंडू अर्ध्यापर्यंत खात आणला होता. नेत्यांनी रिकामं स्टेज बघितलं, शेळी बघितली, मग मला बघितलं.

“लग्न लावलंत वाटतं आमदार.”

“लावलं साहेब.”

“बरं केलंत,” ते हसून म्हणाले. “वेळ पाळावी माणसानं.”

नेता रागावला तर तिकिटाची आशा असते. हसला की संपलं. ते वधूवरांना आशीर्वाद देऊन पाण्याचा घोटही न घेता गेले. तिकिटाचं बोलणं निघालंच नाही.

तिकीट विक्रमरावांना मिळालं. पोरगा तरुण, बोलतो चांगला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट लिहून ठेवतो. त्याच उन्हाळ्यात त्याच्या सख्ख्या बहिणीचं लग्न होतं आणि नेत्यांसाठी त्यानं दुपारचं लग्न दिवेलागणीपर्यंत थांबवून धरलं होतं. निष्ठा म्हणतात ती ही.

मी बंडखोरीचा अर्ज भरला. दलाल आहे मी, फुकट बाजूला होत नाही. मुंबईला बोलावणं आलं. बंगल्यावर नेते नुकतेच जेवून उठले होते. म्हणाले, अर्ज मागं घ्या, तुम्हाला महामंडळ देतो. मी विचारलं, कोणतं? ते म्हणाले, शब्द देतो. मी म्हणालो, शब्द देता तर आमच्या पद्धतीनं द्या. आणि मी दस्ती काढून हात पुढं केला.

त्यांनी दस्ती घेतली, तिला हात पुसले आणि शेजारी उभ्या माणसाकडं दिली.

मी ती परत मागितली नाही. अर्ज मागं घेतला, महामंडळ आलं नाही. लोह्याच्या बाजारात दस्तीखाली दिलेला भाव मोडला तर पुढच्या बाजारी त्या माणसाला कुणी बैलाचे दात बघू देत नाही. हे मी पुढं एकदा विक्रमरावांना ऐकवलं. ते म्हणाले, काका, छान आहे, भाषणात वापरतो. वापरलंही.

आमदारकी गेल्यावर मागच्या गाड्या गेल्या, सोमवारची माणसं गेली. तो व्याह्यावाला म्हातारा मात्र बाजारात भेटला की आता मला नावानं हाक मारतो. रज्जाकभाई राहिले. मला वाटलं, पगार कमी करून घेतील. त्यांनी वाढवून मागितला, म्हणाले अब ताफा नहीं, रास्ता खुद बनाना पडता.

गेल्या उन्हाळ्यात निवृत्तीच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. तेच गाव, तेच पडीक रान. आम्ही निघालो वेळेवर, पण लोह्याच्या अलीकडं टायर फुटलं आणि स्टेपनीतही हवा नव्हती. मुहूर्त रस्त्यातच गेला. मी निवृत्तीला फोन करून सांगितलं, लावून टाक, मी जेवायला येतो. तो म्हणाला, सावकाश ये. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पोचलो तर मांडव भरलेला, माणसं तशीच बसलेली, नवरी पाटावर, अंतरपाट घडी घालून गुरुजींच्या मांडीवर. स्टेजवरच्या सोफ्यात विक्रमराव आमदार रुमालानं मान पुसत बसलेले. फेटा बांधून झालेला, आशीर्वादाचं भाषणही झालेलं. त्यांना पुढं आणखी लग्नं होती, ते सारखे उठायला बघत होते आणि निवृत्तीचा भाऊ त्यांना हाताला धरून परत बसवत होता.

माझं डोकं फिरलं. निवृत्ती मांडवाच्या दारात उभा होता. मी म्हणालो, पुन्हा तेच? माझ्यासाठी थांबलास? मी आता कोण आहे? उत्तराची वाट न बघता मी दस्ती काढली, त्याच्या हातावर टाकली आणि तळहात धरला. कोरडा होता. गरम होता. कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा टणक होता.

“काय बघतूस?” तो हळूच म्हणाला. “सकाळीच दोन भाकरी अन् ठेचा खाऊन बसलोय. बायकोला बोलू नको.”

“पोरीचा बाप खात नसतो ना आधी?”

“मागल्या खेपेला उपाशी राहून बघितलं. काय झालं? तुझं तिकीट गेलं.” त्यानं स्टेजकडं मान केली. “त्याला दोनदा निरोप दिलाय. आधी म्हणलं साहेब निघाले. मग म्हणलं रस्त्यात हायेत. गावाला सांगून ठेवलंय, आमचे साहेब आल्याबिगर अक्षता न्हाईत.”

मी हात काढून घ्यायला लागलो. त्यानं सोडला नाही. दस्तीखाली बोटं हलली.

“बोल,” तो म्हणाला. “त्याला अजून किती बसवायचं?”

मी पाटावरच्या पोरीकडं बघितलं. ती मैत्रिणीशी काहीतरी बोलून हसत होती, पण ऊन ऊनच होतं. मी म्हणालो, तासांत न्हाई. मिनिटांत.

त्यानं तोंड वाकडं केलं आणि अख्खी मूठ दाबली. पाच. मी कबूल केलं. इतक्या वर्षांत आमचा इतक्या लवकर ठरलेला हा एकच सौदा.

मांडवासमोर रस्त्याच्या पलीकडं चहाची टपरी होती. आम्ही दोघं तिथं बाकड्यावर बसलो आणि दोन चहा सांगितले, साखर घालून. रज्जाकभाई मात्र बसले नाहीत. दाढीवरून हात फिरवत मांडवात शिरले, स्टेजवर चढले, वाकून आमदारांना नमस्कार केला आणि त्यांच्या कानात सांगितलं, साहेब पोचलेच.